मामाजींचं खुरपं

आमच्या अंगणात आजवर जमिनीवर पसरणाऱ्या पाच जातींच्या वनस्पती मेल्या. त्यातल्या दोन माझ्या हातून गेल्या, हे मी कबूल करते. उरलेल्या तिघींचा खून मामाजींनी केला, आणि तोही दिवसाढवळ्या, मोठ्या समाधानानं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. वय ऐंशीच्या घरात, मिशी पांढरी, कान शाबूत आणि हातात खुरपं. हे खुरपं ते गावाहून येताना पेटीत, धोतराच्या घडीत गुंडाळून घेऊन आले होते. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण मला वाटलं, म्हाताऱ्या माणसानं आठवण म्हणून आणलं असेल.

आधी अंगणाचं सांगते. पांढरकवड्याला हायवेपासून थोडं आत, नव्या लेआउटमध्ये आमचं घर आहे. समोर वीस बाय तीसचं अंगण, फाटकाशी एक कडुनिंब, आणि बाकी सगळी कपाशीची काळी माती. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातून पडलेला चमचा सापडत नाही. पावसाळ्यात ती चपलेला धरते ती थेट स्वयंपाकघरापर्यंत सोबत येते. माझ्या नवऱ्याला घरातल्या पांढऱ्या फरशीचं भारी कौतुक. त्यामुळे दर पावसाळ्यात तो एकच शब्द उच्चारायचा: गट्टू. गट्टू म्हणजे सिमेंटचे ठोकळे. एकमेकांत अडकवून बसवले की माती कायमची झाकली जाते. आजूबाजूच्या चारही घरांनी ते बसवून घेतले आहेत. मे महिन्यात त्यांच्या अंगणातले पापड वाळतात की भाजतात, हे त्यांनाही सांगता येत नाही.

मला गट्टू नको होते. मी शाळेत शिकवते, केळापूरच्या बाजूला स्कूटीवर जाते-येते, दिवसभर डांबर आणि सिमेंटच बघते. घरी आल्यावर पायाखाली काहीतरी हिरवं असावं, एवढीच माझी हौस. फुलांची शोभा वगैरे नंतर. आधी माती झाकली जावी आणि नवऱ्याचं तोंड बंद व्हावं.

पहिल्यांदा मी लॉन लावलं. लॉनला रोज पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ स्वतःच्या मर्जीनं येतो. त्यातच भाच्याच्या लग्नाला आठ दिवस उमरखेडला, माहेरी गेले. परत आले तर अंगणात पिवळं पायपुसणं पडलेलं. मग चिनी गुलाब लावला. उन्हं चढली की उमलतो, दुपार कलली की मिटतो, माझ्या शाळेच्या वेळेशी त्याचा सूर छान जुळला होता. पण त्याच्या मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही, आणि आमच्या काळ्या मातीत पाणी थांबण्याशिवाय दुसरं काही करत नाही. पहिल्याच झडीत तो कुजला. या झाल्या माझ्या दोन.

त्यानंतर मामाजी आले. गावी विहिरीवर पाय घसरून त्यांची कंबर दुखावली, वावर दुसऱ्याला कसायला दिलं आणि नवरा त्यांना इकडे घेऊन आला.

इथे आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. आताच्या सुना बोलतात, पण मी सव्वीस वर्षांपूर्वीची सून. वर्गातल्या साठ पोरांना मी नुसत्या नजरेनं गप्प करते, पण मामाजी समोर आले की हात आपोआप पदराकडे जातो, पदर नसला तर ओढणीकडे. सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्यामार्फत चालायचं. त्या गेल्यावर नवऱ्यामार्फत. नवरा घरी नसला की मग माझी स्कूटी चालते, पाण्याची बादलीही चालते. "चहा झाला असीन तं बरं होईन," असं मामाजी बादलीला म्हणतात, आणि मी चहा नेऊन ठेवते. परक्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, पण आमचं त्यात कधी अडलं नाही. अंगणाचा प्रश्न येईपर्यंत तरी नाही.

तिसरी निवड वेडेलिया. चकचकीत पानं, पिवळी फुलं, आणि पसरण्याचा वेग असा की बघत बसावं. नागपूर रोडवरचा नर्सरीवाला म्हणाला, "मॅडम, याले काही करा लागत नाई. लावा अन् इसरून जा." मी लावली आणि विसरून गेले.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. फाटक उघडलं तर अंगण स्वच्छ, नांगरून ठेवल्यासारखं. मधोमध मामाजी. कंबरेमुळे त्यांना उकिडवं बसता येत नाही, म्हणून घडी केलेल्या पोत्यावर बसून, पोत्यासकट पुढे सरकत त्यांनी सगळं अंगण निंदून काढलं होतं. उपटलेली वेडेलिया कुंपणाच्या भिंतीवर मुळं उन्हाकडे करून ओळीनं मांडलेली. निंदलेलं तण असंच ठेवायचं असतं, नाहीतर पावसाच्या एका सरीनं ते परत जीव धरतं. साठ वर्षं कपाशी केलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. त्यांच्या गावात ज्याच्या वावरात तण दिसतं, त्याच्याबद्दल लोक पारावर बसून नको नको ते बोलतात.

"लय तन झालतं," मामाजी माझ्या स्कूटीला म्हणाले. "घरात कोनाचं ध्यानच नाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण रीत ती रीत. मी बादलीकडे वळले. "ते तन नोहे म्हना. नर्सरीतून इकत आनलं होतं."

मामाजींनी खुरपं खाली ठेवलं. मग त्यांनी बादलीकडे बघून हळूच विचारलं, "तन? इकत?"

आणि ते हसायला लागले. असे हसले की कंबर धरून बसले. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी दूधवाला दुधाचं माप ओतता ओतता म्हणाला, "बाई, आमच्या वावरात लय पडलं हाये. पोतंभर आनून देऊ का?" आठवडाभर मी खाली मान घालून स्कूटी काढत होते.

मी त्याचा वचपा भाजीत काढला. सलग तीन दिवस दोडक्याची फिकी भाजी. चौथ्या दिवशी मामाजींनी स्कूटीला विचारलं, "मिरच्या संपल्या काय बापा घरातल्या?"

राग ओसरल्यावर मी शांत डोक्यानं विचार केला. मामाजींच्या जगात जमिनीवर दोनच गोष्टी उगवतात. एक पीक, दुसरं तन. तिसरं काही असतं यावर त्यांचा विश्वास नाही. मग पिकासारखं दिसेल असंच काहीतरी लावलं तर? नर्सरीत शोभेचा भुईमूग होता. पानं हुबेहूब भुईमुगाची, फुलंही तशीच पिवळी, फक्त तो आडवा पसरतो आणि त्याला शेंगा धरत नाहीत. हे शेवटचं मी अर्थातच कुणाला सांगितलं नाही.

मामाजींनी पानं पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. "भुईमूंग!" ते कडुनिंबाला म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी त्या भुईमुगाची अशी राखण केली की शेजारच्या शेळीनं आमच्या फाटकाकडे बघणंही सोडलं. अंगण हिरवंगार झालं. नवरा गट्टूचं नाव काढेना. एवढ्या मुरलेल्या शेतकऱ्याला आपण बनवलं, या आनंदात मी शाळेत जाताना गाणी गुणगुणत होते.

चार महिने पुरे झाले तसा एके सकाळी मामाजींनी भुईमूग काढायला घेतला. मी घरी नव्हते. परतले तेव्हा शेवटचा वेल त्यांच्या हातात होता आणि आजूबाजूला उपटलेल्या वेलांचा ढीग. प्रत्येक मूळ त्यांनी झटकून, उलटं-पालटं करून पाहिलं होतं.

"एक शेंग नाई," त्यांनी स्कूटीला सांगितलं. आवाजात खरं दुःख होतं. "बियानं बोगस निंघालं."

मला हसावं की रडावं कळेना. मी काही बोलायच्या आत त्यांनी काठी घेतली, ऑटो थांबवला आणि माझ्या वतीनं भांडायला नर्सरीत गेले. तिथे काय झालं ते मला नर्सरीवाल्यानं नंतर सांगितलं. तो म्हणाला होता, "आजोबा, हा शेंगांसाठी नसते. हा जमीन झाकासाठी असते." त्यावर मामाजींनी त्याला विचारलं होतं, "जमीन कायले झाकाची? तिले का लाज वाटते?"

यंदाच्या पावसाळ्यात नवऱ्याचा धीर संपला. पहिल्याच आठवड्यात तो ओल्या फरशीवर आडवा झाला, आणि उठला तो निश्चय करूनच. स्वयंपाकघरात, मामाजींना ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो मला म्हणाला, "हे पाय, दसऱ्याले लोकं सोनं द्याले येतीन तेव्हा कोनाच्या पायाले माती लागली नाई पाह्यजे. ताटाएवढी जागा जरी उघडी दिसली, तं दिवाळीच्या आत गट्टू."

"अन् झाकल्या गेली तं?"

"तं मी जलमभर गट्टूचं नाव काढनार नाई."

मी लगेच कामाला लागले. या वेळी ब्राह्मी निवडली. गोल गोल नाजूक पानं, जमिनीला चिकटून पसरते, ओल तिला आवडते, म्हणजे आमच्या मातीसाठीच जन्मलेली. पीकही नाही आणि तणही नाही, आता हिला मामाजींपासून वाचवायचं कसं? मला वाटलं, औषधाला माणूस हात लावत नाही. मी बादलीला मोठ्यानं सांगितलं, "हे औषध हाये म्हना. यानं आठवन तेज राहते."

मामाजींनी औषधाचा मान ठेवला. रोज सकाळी तोंड धुतलं की मूठभर पानं खुडून चावायला लागले. ते एकटेच असते तरी निभावलं असतं. पण त्यांनी पानठेल्यावरच्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलावलं. सकाळी सात वाजता आमच्या फाटकाशी पाच-सहा टोप्या जमायच्या आणि मामाजी प्रत्येकाच्या हातावर माप मोजून ब्राह्मी ठेवायचे. तीन आठवड्यांत माझं सगळं अंगण गावातल्या म्हाताऱ्यांच्या पोटात गेलं. आठवण कुणाची तेज झाली देव जाणे. त्यातला एक जण रोज आपली काठी आमच्याकडे विसरून जायचा.

आणि मग गणपतीच्या दिवसांत गट्टूवाला टेप घेऊन आला. त्यानं मापं घेतली, फाटकाजवळ नमुन्याचे आठ गट्टू बसवून दाखवले आणि नवऱ्याशी रंगाबद्दल बोलून गेला. मामाजी तेव्हा आत झोपले होते.

मी खरं सांगते, त्या दिवशी मला दुःखापेक्षा सूडाचाच आनंद जास्त झाला. बसवा गट्टू, मी मनात म्हटलं. मग बघू मामाजी काय उपटतात ते. दोन दिवस मी हाच विचार चघळत फिरले आणि मला फार बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला बाहेर आले. मामाजी फाटकाजवळ पोत्यावर बसले होते. त्यांनी खुरप्यानं एक गट्टू उचकटला होता आणि त्याच्याखालच्या मातीवर तळहात ठेवला होता. मला पाहून त्यांनी स्कूटीला विचारलं, "हे काय करून राह्यले इथं?"

बादली शेजारीच होती. पण मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "मामाजी."

ते इतके दचकले की खुरपं हातातून पडलं. सव्वीस वर्षांत मी त्यांना अशी हाक मारली नव्हती.

"दसऱ्यापर्यंत अंगन हिरवं झालं नाई, तं हे सबन अंगनात बसवनार हायेत. मंग माती दिसनार नाई."

"सबन?"

"सबन."

"झाडाच्या बुडाशी बी?"

"तिथं जरा सोडतीन. परातीएवढी."

त्यांनी फाटकापासून ओट्यापर्यंत नजर फिरवली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग म्या सकाळी उठून करू काय?"

दोन वर्षं ते रोज पहाटे उठून पोतं ओढत अंगणात उतरत होते. आपण लेकाच्या घरची जागा स्वच्छ ठेवतो, फुकट बसून खात नाही, असं त्यांना वाटत होतं. मी मात्र त्यांच्याकडून अंगण हिसकावलं जाणार म्हणून दोन दिवस खुशीत होते. मला माझीच लाज वाटली.

"अन् ते सारं तुमी माती झाकाले लावत होत्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग सांगाचं नाई काय?"

"सांगतलं की. बादलीले."

मामाजींनी बादलीकडे एकवार रागानं पाहिलं. "तिनं मले काई सांगतलं नाई," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी घरात नव्हते. पोतंही नव्हतं, खुरपंही नव्हतं. नवऱ्यानं पानठेला पालथा घातला, बसस्टँड गाठलं, गावी फोन केला. वावर कसणाऱ्यानं सांगितलं, आलतं म्हातारं, धुऱ्यावर काहीतरी खोदून राह्यलं होतं, अन् गेलं. फोन ठेवताना त्यानं दबक्या आवाजात हेही विचारलं की बुढ्याची तब्येत बरी आहे ना.

तीन वाजता ऑटो फाटकाशी थांबला. मामाजी उतरले, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. ऑटोवाल्यानं पोतं उतरवून दिलं. मी पोत्याचं तोंड उघडून पाहिलं तर आत मुळ्यांसकट, मातीसकट हरळी.

ही हरळी म्हणजे तीच, जिला पूजेत दूर्वा म्हणतात. गणपतीला एकवीस जुड्या वाहताना आम्ही तिच्यापुढे हात जोडतो, पण तीच वावरात निघाली की शेतकऱ्याच्या तोंडून जे शब्द निघतात ते गणपतीच्या कानावर पडू नयेत. तिची एक गाठ जमिनीत राहिली तर वर्षभरात पट्टा खाते. वखरामागे चालून मुळ्या वेचायच्या, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन जाळायच्या, आणि पुढच्या पावसाळ्यात परत वेचायच्या. मामाजींच्या हातांना जे घट्टे पडले आहेत, त्यातले निम्मे तिनेच दिलेले आहेत.

"मामाजी, हे तं हरळी हाये!"

"हो," ते म्हणाले. "हे मरत नाई. म्या साठ वर्स मारून पाह्यलं."

फाटकाजवळचे आठही गट्टू काढून टाकले आणि दोन दिवस आम्ही दोघं लावत होतो. बोटभर तुकडे करायचे, दोन गाठी मातीत, एक वर. मामाजी पोत्यावरून पुढे सरकत आणि मी मागून. मुख्याध्यापकांनी मला कधी झापलं नसेल इतकं मामाजींनी त्या दोन दिवसांत झापलं. "खोल नोका गाडू. डोया वर ठेवा. शाळेत शिकवता अन् येवढं समजत नाई?" थेट मला. बादलीची आता काही गरज उरली नव्हती. लावून झाल्यावर त्यांनी खुरपं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. "हे आत ठेवा सुनबाई. जवळ राह्यलं तं हात चालते."

भाद्रपदाच्या ओलीत हरळी धावत सुटली. मामाजी ओट्यावर बसून बघत राहायचे. एखादा कोंब जास्तच माजलेला दिसला की त्यांची बोटं वळवळायची, मग ते हात मांडीखाली घालून बसायचे. नवऱ्यानं आठवड्यातून एकदा कमरेवर हात ठेवून पाहणी केली आणि आत गेला.

दसऱ्याच्या दिवशी सगळं अंगण हिरवं होतं. एक जागा सोडून. ओट्याच्या पायरीशी, जिथे सगळे चपला काढतात, तिथे हरळीनं काही केल्या जीव धरला नव्हता. ताटाहून मोठी, चांगली परातीएवढी जागा. दुपारी मी आणि मामाजी तिच्याकडे बघत उभे राहिलो. नवरा आत सोन्यासाठी आपट्याची पानं निवडत होता.

"सतरंजी आना," मामाजी म्हणाले.

मी आणली. त्यांनी धुतलेलं धोतर, टोपी असा सगळा थाट केला आणि बरोबर त्या जागेवर बैठक मारली. चार वाजल्यापासून लोक यायला लागले. जो तो वाकून मामाजींच्या हातात सोनं द्यायचा, पाया पडायचा आणि बाजूच्या गवतावर चपला काढून आत जायचा. मी आतून प्रत्येकाचे तळवे बघत होते. फरशी पांढरी ती पांढरीच राहिली.

नवरा दोनदा बाहेर आला. "बाबा, वर खुर्चीवर बसा ना. खाली कायले?"

"इथं बरं वाटते," मामाजी म्हणाले, आणि धोतराचा सोगा आणखी थोडा पसरून बसले.

दिवेलागणीला शेवटचा पाहुणा गेला. मामाजींनी माझ्याकडे हात पुढे केला. त्यांचे पाय बधिर झाले होते. मी त्यांना धरून उठवायला गेले, त्यांचा तोल गेला, पायात सतरंजी अडकली आणि बाजूला ओढली गेली. खालची काळी माती उघडी पडली. आणि पायरीवर नवरा उभा होता, हातात सोन्याचं ताट घेऊन.

त्यानं मातीकडे पाहिलं. मग माझ्या खांद्याला धरून उभ्या असलेल्या बापाकडे पाहिलं. मामाजींनी मान खाली घातली.

नवऱ्यानं ताट पायरीवर ठेवलं. खाली उतरून त्यानं सतरंजी उचलली, झटकली आणि परत त्याच जागेवर नीट अंथरली.

"बसा बाबा," तो म्हणाला. "अजून लोकं येऊन राह्यले."

रस्त्यावर कुणीही नव्हतं.